लटारीची थप्पी

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर मी लिहिले ते अर्ज आणि परीक्षेचे पेपर. मराठीच्या सरांनी वार्षिकांकासाठी न विसरता येणाऱ्या माणसावर लिहून आणायला सांगितलं, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आई, आजोबा किंवा शाळेतले गुरुजी घेतले. मी लच्चीमाय घेतली. दोनदा कागद फाडला. कारण अशा लेखांत माणूस शेवटी क्षमा करतो, निदान मी वाचलेल्या लेखांत तरी करतो. लच्चीमायनं क्षमा केली नाही. तिनं अकरा वर्षं राग सांभाळला, आणि त्या रागासाठी मी तिला वाईट म्हणू शकत नाही. यात माझं काही चुकत असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव केळापूर तालुक्यात, जंगलाला लागून. गावातलं शेवटचं घर आमचं. मग एक नाला, आणि नाल्याच्या पलीकडे कोलामांची वस्ती, तिला पोड म्हणतात. पोडावरचं पहिलं घर लच्चीमायचं. त्यामुळे गावातल्या पाटलांपेक्षा तीच आम्हाला जवळची होती. आमच्या आईला ती 'बाई' म्हणायची आणि मला 'पोट्टा'. कॉलेजात नाव घातल्यावरही पोट्टाच.

उंच, वाळकी बाई. हात पाठीमागे बांधून चालायची, एखादा मास्तर वर्गात फिरतो तशी. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची नाही, पायांकडे बघायची. मला लहानपणी वाटायचं की तिला माणसं पायांवरूनच ओळखू येतात. कुठलाही दगड उचलला की आधी त्याची खालची बाजू बघायची आणि परत ठेवताना होता तसाच ठेवायची, मातीची बाजू मातीकडे. चुलीसाठी दगड आणायचा असला तरी दहा दगड बघून एक आणायची आणि उरलेले नऊ जागच्या जागी. मी एकदा विचारलं, असं काहून? ती म्हणाली, "त्याच्या खाली कोनाचं घर असते. आपल्याले काय कराचं आहे मोडून?" नंतर मला कळलं की कारण एवढंच नव्हतं.

आमच्याकडे थाळीचा डोंगर आहे. वरून थाळीसारखा सपाट, म्हणून ते नाव. वर साग, बांबू आणि पावसाळ्यानंतर डोक्याएवढं कुसळी गवत. थाळीवरून खाली यायला चार घळी आहेत. चौघींची तोंडं सारखीच दिसतात: दोन-तीन सागाची झाडं, मध्ये गवत आणि उतरता दगड. पण त्यांतली एकच घळ माणसाला खाली आणते. बाकीच्या तिन्ही वळणापर्यंत नीट जातात, मग दगड गुळगुळीत होतो, आणि मग तीन पुरुष खोल काहीच नाही. म्हणून बरोबर घळीच्या तोंडाशी दगडांची थप्पी असते. डिंकवाले, मधवाले, तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाया, सगळे त्या थप्पीवर विसंबतात. ती थप्पी लच्चीमायच्या नवऱ्याची, लटारीची. तळाला रुंद दगड, त्यावर तीन चपटे, आणि सगळ्यात वर एक लांबट दगड, बोट दाखवल्यासारखा, घळीकडे तोंड करून.

लटारीबाबा कड्यावरचं मोहोळ काढायचे. मला त्यांचा चेहरा नीट आठवत नाही. दिवाळी झाली की ते आमच्या दारात पळसाच्या पानावर पोळ्याचा तुकडा ठेवून जायचे, हाक न मारता, एवढं आठवतं. मी तिसरी-चौथीत असताना एका सकाळी धूर कमी पडला आणि आग्या मोहोळ उठलं. अंगावर मधमाश्या घेऊन, डोक्यावर घोंगडी ओढून ते थाळीवरून पळत आले. तो डोंगर त्यांना हाताच्या तळव्यासारखा माहीत होता, त्यांना थप्पीची गरज नव्हती. पण घोंगडीखालून माणसाला फक्त जमीन दिसते. जमिनीवर त्यांना त्यांची थप्पी दिसली. ते तिच्या बोटाच्या दिशेनं पळत सुटले. थप्पी दुसऱ्या घळीच्या तोंडाशी होती.

लच्चीमाय दुसऱ्या दिवशी वर गेली. लोक प्रेताच्या मागे होते, ती थप्पीपाशी बसली. थप्पी लटारीची होती आणि नव्हती. दगड तेच होते, रचना तीच होती, वरचं बोटही होतं. पण दोन दगडांची मातीची बाजू वर आली होती, त्यावर मुंग्यांची पांढरी अंडी अजून चिकटलेली. आणि प्रत्येक दगडाच्या खाली, हलू नये म्हणून, चपटी कपची सारलेली होती. पाचर. लटारीबाबांनी जन्मात थप्पीला पाचर लावली नव्हती. ते म्हणायचे की ज्या दगडाला पाचर लागते तो दगड तिथं ठेवायचाच नाही, दुसरा शोधायचा. त्या डोंगरावर पाचर लावून थप्पी रचणारा एकच माणूस होता. आमच्या गावातला बापूराव. तोही मधच काढायचा, त्याच कड्यावर.

ती ठाण्यात गेली होती. आमच्या बाबांनी सोबत केली, म्हणून हे मला माहीत आहे. तिथल्या जमादारानं तिचं सगळं ऐकून घेतलं, वाईट बोलला नाही. फक्त विचारलं, बाई, कोणी चार दगड इकडचे तिकडे ठेवले, याची मी तक्रार काय म्हणून लिहू? ती उठली आणि बाबांसोबत परत निघाली. नाल्यापाशी आल्यावर बाबांना एवढंच म्हणाली, "दादा, त्याच्या तोंडातून काढीन मी."

तिला तेच हवं होतं. बापूरावानं एकदा तोंडानं म्हणावं की थप्पी मी हलवली. बस. बापूराव म्हणत नव्हता.

त्यानंतर लच्चीमायनं बापूरावाचं नाव घेणं सोडलं. ती त्याला पाचरवाला म्हणायची. पोडावरच्या लहान मुलांना तर ते त्याचं आडनावच वाटायचं. एका मुलानं शाळेत बापूरावाच्या नातवाला 'ए पाचरवाले' म्हणून हाक मारली आणि मास्तरांनीही हजेरीत शोधलं, असं सांगतात. भांडण तिनं कधी काढलं नाही. फक्त बापूराव गावात कुठूनही परत आला, बाजारातून, लग्नातून, यवतमाळच्या एसटीतून, आणि ती पारावर असली, की ती त्याच्या पायांकडे बघून विचारायची, "उतरला का बरोबर?"

एवढंच. गोड आवाजात. सगळ्यांसमोर. तो म्हणायचा, हो उतरलो. दुसरं काय म्हणणार? पुढं पुढं तो गावाच्या अलीकडच्या फाट्यावरच एसटीतून उतरून शेतातून घरी जायला लागला. मग ती फाट्यावर सरपण वेचायला जायला लागली.

त्याच्या मुलीच्या लग्नातली गोष्ट तर सगळ्या गावाला माहीत आहे, पण तिचा अर्थ फार थोड्यांना. लग्नाला पोडावर बोलावणं आलं होतं. लच्चीमाय धुतलेलं लुगडं नेसून गेली. आहेराच्या वेळी रांगेत उभी राहिली, आणि हळदीच्या फडक्यात बांधलेली वस्तू तिनं बापूरावाच्या बायकोच्या हातात दिली. बाईनं उघडून बघितलं तर दगडाची चपटी कपची. बापूराव शेजारीच उभा होता. त्यानं ती ओळखली असणार, कारण त्याच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी पायावर सांडलं. पण त्याची बायको भाबडी. तिला वाटलं की हे कोलामांच्या देवाचं काहीतरी आहे, डोंगरातल्या बाईनं मनापासून दिलेलं, आणि ते नाकारणं बरं नाही. तिनं ती कपची कपाळाला लावली आणि दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यात ठेवली. कुंकू लावलं. त्या वर्षी मुलीला मुलगा झाला, विहिरीला पाणी लागलं, आणि सगळं श्रेय कपचीला गेलं. सणाला तिच्यासमोर नारळ फुटायला लागला.

बापूरावाला रोज सकाळी आंघोळ करून तिच्यासमोर हात जोडावे लागत. फेकून द्यावी तर बायको विचारणार, काहून? आणि त्याच एका 'काहून'चं उत्तर त्याला द्यायचं नव्हतं.

लच्चीमायला हे कळलं तेव्हा ती आमच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. मी तिला एवढं हसताना ना आधी पाहिलं ना नंतर. डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम थांबली आणि आईला म्हणाली, "बाई, म्या तं त्याले भेव दाखवाले देल्ली होती. त्याहीनं देव करून टाकला." थोड्या वेळानं शेंगा सोलत सोलतच म्हणाली, "राहू दे. रोज पाया पडते ना?"

आमच्या ओट्यावर तिचं येणं वाढलं ते माझ्या कॉलेजमुळे. भूगोलाच्या मॅडमनी आपल्या भागातल्या वाटा आणि त्यांच्या खुणा असा प्रकल्प दिला होता. मला वाटलं, थप्प्यांवर करावा. तिला विचारलं तर म्हणाली, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? पण घेऊन गेली. तीन रविवार मी तिच्या मागे फिरलो. तिनं मला थप्पी रचायला लावली. मी रचली, मग मागे सरून बघितली, मला बरी वाटली. तिनं एका बोटानं ढकलली आणि ती पडली. "वारा माह्या बोटापेक्षा जोरात असते," म्हणाली. दुसरी रचली, ती पडू नये म्हणून मी खाली एक कपची सारली. तिचा चेहरा असा काही झाला की मी ती कपची काढून लांब फेकली. मी मुद्दाम केलं नव्हतं. ते तिलाही माहीत होतं, तरी त्या दिवशी तिनं मला परत थप्पी रचू दिली नाही.

त्याच फिरण्यात नाल्याच्या वरच्या अंगाला शहरातली काही मुलंमुली भेटली. पाण्यातल्या गोट्यांच्या त्यांनी पंधरा-वीस थप्प्या रचल्या होत्या, फार सुंदर, एकावर एक बारीक होत गेलेल्या, आणि त्यांच्यामध्ये बसून रील काढत होती. लच्चीमाय हात पाठीमागे बांधून त्यांच्यातून चालत गेली आणि पायानं एकेक थप्पी पाडत गेली. घाई नाही, राग नाही, बांधावरचं गवत तुडवावं तशी. एक मुलगी रडवेली झाली. एक मुलगा म्हणाला, आजी, कुणाला त्रास नव्हता यांचा, दिसायला छान म्हणून केल्या. लच्चीमाय त्याच्या बुटांकडे बघत म्हणाली, "हे कुठं नेते?" तो म्हणाला, कुठंच नाही. "मंग कायले बोट दाखवून राह्यलं? कोन्ही इसवास ठेवला म्हंजे?" शेवटची थप्पी तिनं त्याच्याकडूनच मोडून घेतली, आणि प्रत्येक गोटा परत पाण्यात ठेवायला लावला.

त्या मुलांना तिथं आणणारा वाटाड्या बापूराव होता. तो त्या वेळी झाडामागे गेला होता, आणि तिचा आवाज ऐकून तिकडेच थांबला. मोहोळं कमी झाली, वय झालं, डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला, म्हणून त्यानं हे काम धरलं होतं. थंडीच्या दिवसांत नागपूरकडची मंडळी यायची, त्यांना तो जंगलाच्या कडेकडेनं हिंडवायचा. कुणीतरी त्याला पाठीवर 'गाईड' लिहिलेलं जाकीट दिलं होतं, ते तो उन्हाळ्यातही घालायचा. थाळीवर मात्र कधी नेत नव्हता. अकरा वर्षं तो थाळीवर चढलाच नव्हता. आपल्या वाटांवर तो थप्प्या लावायचा, वर पांढरी गारगोटी ठेवून, म्हणजे कमी दिसणाऱ्या डोळ्यांनाही चमकावी.

मी माझ्या प्रकल्पासाठी त्याच्याही थप्प्यांचे फोटो काढले होते. हे मी लच्चीमायला सांगायला नको होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं फोटो बघायला मागितले, मी दाखवले. ती फोनवर वाकून एकेक फोटो बघत राहिली. मोठं कर म्हणाली. अजून मोठं. मी विचारलं, एवढं काय पाहून राह्यली? म्हणाली, "हात पाहून राह्यली त्याचा. सुधरला नाही."

दिवाळीनंतर बापूराव मला पारावर भेटला. आनंदात होता. नागपूरच्या एका मोठ्या गटाला थाळीवरचा मोहोळाचा कडा बघायचा होता, आणि शेवटी तो तयार झाला होता. रविवारी त्यांना नेणार, पण गवत फार माजलं असेल म्हणून गुरुवारी आधी एकटा जाऊन वाटेवर खुणा लावून येणार होता. तुझ्या पुस्तकात माझा फोटो टाक बरं, असंही म्हणाला. मी हो म्हणालो. संध्याकाळी आई आणि लच्चीमाय ओट्यावर असताना मी हे सहज बोलून गेलो. लच्चीमायनं मान वर केली नाही. फक्त विचारलं, "गुरुवारी एकटाच?"

मी म्हणालो, हो, एकटाच.

"रविवारी लेकरं राह्यतीन त्याच्यासंगं." हे ती मला म्हणाली की स्वतःला, सांगता येत नाही.

मला त्याच वेळी कळलं होतं. नाही कळलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. बापूरावाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. बुधवारी सकाळी मी सेमिस्टरच्या पेपरांसाठी यवतमाळला निघालो. पांढरकवड्याला गाडी बदलताना एकदा फोन हातात घेतला. मग खिशात ठेवला. मी पळसाच्या पानावरचा तो पोळ्याचा तुकडा आठवत होतो, असं म्हटलं तर चांगलं दिसेल. खरं म्हणजे मी काहीच आठवत नव्हतो. मलाही ते व्हायला हवं होतं.

त्या सकाळी गावातून निघताना मी लच्चीमायला पाहिलं, ते गुरुवारच्या आधीचं शेवटचं. मी फाट्याकडे चाललो होतो, ती डोंगराकडून येत होती, हात पाठीमागे. लुगड्याच्या काठाला वीतभर उंचीपर्यंत कुसळं टोचलेली होती. ती थांबून एकेक काढायला लागली. माझ्या चपलांकडे बघत म्हणाली, "पेपर कधी सरते तुहा?"

"शनिवारी."

"मंग शनिवारीच ये. आधी येऊ नोको."

शुक्रवारी दुपारी पेपर सुटला आणि बाहेर आल्यावर बघितलं तर आईचे पाच फोन येऊन गेले होते. आई कधी एकापेक्षा जास्त फोन करत नाही. मी कॉलेजच्या भिंतीपाशी सावलीत उभा राहून तिला लावला. आईनं जे सांगितलं ते तसंच लिहितो.

बापूराव गुरुवारी सकाळी थाळीवर गेला. जाताना घळीच्या तोंडाशी गारगोटीची थप्पी लावून पुढं कड्याकडे गेला. परत आला तेव्हा ती थप्पी चाळीस पावलं बाजूला, दुसऱ्या घळीच्या तोंडाशी होती, तशीच, पाचरींसकट. गवतातून मोतीबिंदूच्या डोळ्यांना पांढरी गारगोटीच तेवढी दिसली, आणि थप्पी आपण ठेवली तिथंच आहे असं त्याला वाटलं. तो उतरला. पळत नव्हता, म्हणून वाचला. वळणापुढं दगडावरून घसरला आणि अर्ध्यात एका कंगोऱ्यावर अडकला, मांडीचं हाड मोडून. वरही येता येईना, खालीही जाता येईना. ओरडायला लागला तेव्हा वरून आवाज आला, "कोन आहे?" लच्चीमाय सकाळपासून त्या घळीच्या तोंडाशीच गवताआड बसून होती, दुसरं कुणी चुकून उतरू नये म्हणून.

दुपारी डिंकवाले दोघं आवाज ऐकून तिथं पोचले. तेव्हा लच्चीमाय वरून दोरीनं पाण्याची बाटली खाली सोडत होती आणि बापूराव रडत सांगत होता. ते दोघं उभे राहून ऐकत राहिले. तो सांगत होता की त्या दिवशी लटारीची थप्पी मी हलवली, मला वाटलं लटारी अर्धा घंटा भटकेल, तेवढ्यात मी दुसरं मोहोळ काढून घेईन.

"जीव घ्याचा नव्हता वो," तो म्हणाला.

"मले बी नाही घ्याचा," लच्चीमाय वरून म्हणाली. "अजून एक डाव सांग."

त्यानं अजून एक डाव सांगितलं. मग तिनं डिंकवाल्यांना दोर दिला आणि ती खाली निघून आली. बापूराव आता दवाखान्यात आहे. पाय वाचेल म्हणतात, डोंगर चढणं सुटलं. त्यानं बायकोलाही सगळं सांगितलं. तक्रार करायची नाही म्हणाला.

एवढं सांगून आई थांबली. मला वाटलं बातमी संपली. पण तिनं फोन त्यासाठी केलाच नव्हता. काल सांजच्याला लच्चीमायनं कोंबडं कापलं, पोडावर घरोघर वाटी दिली, आणि एक मोठी वाटी आपल्याकडेही आणून दिली. बाबा म्हणतात, दुसऱ्याचा पाय मोडल्याचं हे जेवण आपण खाऊ नये. आईला परत करवत नव्हतं. वाटी रात्रीपासून चुलीपाशी झाकून ठेवली होती. "तू शिकून राह्यला नं," आई म्हणाली, "तूच सांग. खावं का नाही?"

मी म्हटलं, गरम कर आणि खा. आणि तिची वाटी रिकामी परत देऊ नको.